गुंगीचं इंजेक्शन दिल्यावर पेशंट उलटाच वागायला लागला तर काय करायचं

कॅज्युअल्टीत गुंगीचं इंजेक्शन कशाकशाला देतात ते आधी सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं की ऑपरेशन असेल तरच देतात. खांदा निखळलाय आणि बसवायचाय, मनगट मोडलंय ते ओढून सरळ करून प्लास्टर घालायचंय, पोराच्या कपाळावर टाके घालायचेत आणि ते हात लावू देत नाही, फिट थांबत नाहीये, सीटी स्कॅनला पेशंट स्थिर राहत नाही, दारू अचानक सोडली म्हणून माणूस भ्रमात जाऊन सगळ्यांना मारायला उठलाय, किंवा हृदयाचे ठोके बिघडलेत आणि शॉक द्यायचाय. मी नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रोडच्या पट्ट्यातल्या एका हॉस्पिटलला कॅज्युअल्टीत स्टाफ नर्स आहे, पावसाळ्यात खड्ड्यात टू-व्हीलर जाऊन पडलेले एवढे येतात की मिडाझोलम आणि केटामाइन या गुंगीच्या औषधांच्या वायल (इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या) फोडणं हे रोजचंच काम. बहुतेकांना काहीही होत नाही. झोपतात, उठतात, "झालं पण?" असं विचारतात आणि घरी जातात.

पण थोडे जण असतात ज्यांना तेच इंजेक्शन भलतीकडेच नेतं. शांत व्हायच्या ऐवजी माणूस चवताळतो, किंवा मान वाकडी होऊन डोळे वर जातात, किंवा उघड्या डोळ्यांनी पडून असतो पण हाक मारली तर ओ देत नाही. अशा वेळी नातेवाईक एकतर आरडाओरडा करतात नाहीतर कोपऱ्यात जाऊन देवाचं नाव घेतात, दोन्हीचा उपयोग नाही. खरं म्हणजे त्या खोलीत तुमच्याकडे एक माहिती असते जी डॉक्टरांकडे नसते, ती म्हणजे हा माणूस एरवी कसा असतो. ती कशी वापरायची त्यासाठी हे लिहितेय. डोस किती, कुठलं औषध निवडायचं हे मी सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम आणि ते वजन, वय, बीपी बघूनच ठरतं.

इंजेक्शनच्या आधी

आत घेतल्या घेतल्या आम्ही विचारतो, काही आजार आहे का, गोळ्या चालू आहेत का, कशाची अॅलर्जी आहे का. घरचे म्हणतात काही नाही हो सिस्टर, एकदम ठणठणीत आहेत. मग पाच मिनिटांनी कळतं बीपीची चालू आहे, शुगरची चालू आहे, "पण त्या काय, रोजच्याच आहेत ना". रोजच्याच सांगायच्या असतात. गोळ्यांची स्ट्रिप घरी असेल तर घरी जो कोणी आहे त्याला फोन करून स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा, "पांढरी छोटी गोळी" यावरून कोणालाही काही कळत नाही.

दारूचं स्पष्ट सांगा. इन्शुरन्सवाले क्लेम नाकारतील, पोलीस केस होईल, शेजारी सासरे उभे आहेत, ही सगळी कारणं मला माहीत आहेत आणि त्यात तथ्य नाही असंही नाही, पण दारू आणि मिडाझोलम दोघंही श्वास मंद करतात आणि एकत्र आले की श्वास थांबण्यापर्यंत जाऊ शकतं. सगळ्यांसमोर बोलायचं नसेल तर सिस्टरला बाजूला घेऊन सांगा, किती वाजता घेतली आणि रोज घेतात का एवढं पुरे. रोज पिणाऱ्याचं वेगळंच असतं, त्याला नेहमीचा डोस पुरत नाही किंवा उलटी प्रतिक्रिया यायची शक्यता जास्त असते.

झोपेच्या गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम वगैरे. घरातल्या आजीला वर्षानुवर्षं चालू असतात आणि कोणी त्याला औषध म्हणून धरतच नाही. हे का महत्त्वाचं ते ऐका. मिडाझोलम जास्त झालं किंवा उलटं पडलं तर त्याचा उतारा आहे, फ्लुमाझेनिल नावाचा, पण जो माणूस रोज याच जातीच्या गोळ्या घेतो त्याला तो उतारा दिला तर फिट येऊ शकते. म्हणजे तुमच्या एका वाक्यावर डॉक्टर तो उतारा वापरतील की नाही हे ठरतं.

मानसिक आजाराच्या गोळ्या लपवणं हा तर आपल्याकडचा रिवाजच आहे. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 पासून आहे, कित्येक घरांतली माणसं तिथल्या किंवा बाहेरच्या ओपीडीतून दर महिन्याला गोळ्या आणतात आणि ती पिशवी कपाटात सगळ्यात खाली ठेवलेली असते. कॅज्युअल्टीत मात्र ती पिशवी वर काढा. काही गोळ्यांवर आधीच असलेल्या माणसाला हॅलोपेरिडॉल, म्हणजे बेभान झालेल्याला शांत करायचं इंजेक्शन, दिलं तर हृदयाच्या ठोक्यांची गडबड होऊ शकते, डॉक्टर आधी ईसीजी बघतील. तशाच कामाचं ओलँझापिनचं इंजेक्शन आणि लोराझेपामसारखं इंजेक्शन लागोपाठ दिलं तर बीपी आणि श्वास दोन्ही पडू शकतात, म्हणून दुसरीकडून इंजेक्शन घेऊन मग इकडे आला असाल तर तिकडची चिठ्ठी दाखवल्याशिवाय पुढे काही करू देऊ नका.

आता एक गोष्ट जी कोणीच सांगत नाही. नायट्याच्या गोळ्या. आपल्याकडच्या दमट हवेत जांघेत, कमरेला नायटा झालेले लोक महिना महिना इट्राकोनाझोल खात असतात, कधी डॉक्टरकडून तर कधी सरळ मेडिकलवाल्याकडून, आणि अपघात होऊन आल्यावर ते सांगायचं कोणाच्या डोक्यातही येत नाही. इट्राकोनाझोल लिव्हरमध्ये मिडाझोलमचा निचरा अडवतं, त्यामुळे गुंगी अपेक्षेपेक्षा खोल आणि लांबलचक होते. क्लॅरिथ्रोमायसिन नावाचं अँटिबायोटिक पण तेच करतं. टीबीची रिफाम्पिसिन बरोबर उलटं करते, औषध पटकन संपवून टाकते. तेव्हा त्वचेची असो, खोकल्याची असो, सगळी औषधं सांगा, कुठली महत्त्वाची ते आम्ही ठरवू.

बाकी पटापट सांगते. जोरात घोरणारा आणि झोपेत श्वास अडकून दचकून उठणारा माणूस असेल तर सांगा. लहान मुलाला सर्दी-खोकला चालू असेल तर सांगा, केटामाइन देताना घसा आवळायचा धोका सर्दीत वाढतो. घरात कोणाला पॉर्फिरिया नावाचा आजार असेल, किंवा पेशंटला मायस्थेनिया असेल, तर ते नाव उच्चारता येत नसलं तरी फाईल दाखवा. पोटात बाळ असेल किंवा अंगावर पाजत असाल तर सांगा. आणि आधी कधी भूल दिल्यावर, दात काढताना, बाळंतपणात, एन्डोस्कोपीला, काहीही विचित्र झालं असेल तर ते सगळ्यात आधी सांगा, बाकी सगळं नंतर.

खाण्याचं. ठरवून करायच्या प्रोसिजरला जेवण 6 तास आधी, आईचं दूध 4 तास, साधं पाणी 2 तास असा हिशोब धरतात. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, तो जेवणासारखाच 6 तासांत मोजतात. इमर्जन्सीत एवढं थांबता येतंच असं नाही आणि डॉक्टर धोका तोलून पुढे जातात, पण म्हणून रडणाऱ्या पोराला रिक्षात वडापाव भरवून आणू नका, आणि भरवला असेल तर लपवू नका.

मग शेवटी तुम्ही विचारा: "कुठलं इंजेक्शन देताय?" हा उद्धटपणा नाही. नाव मोबाईलमध्ये टाईप करून घ्या, शेजारी वेळ टाका. पुढे काहीही झालं तरी या दोन गोष्टींशिवाय कोणालाही काही सांगता येणार नाही.

शांत व्हायच्या ऐवजी चवताळला तर

हा प्रकार मिडाझोलम, डायझेपाम, लोराझेपाम या जातीत होतो. शंभरात एकालासुद्धा सहसा होत नाही, पण लहान मुलं, म्हातारी माणसं, रोज पिणारे आणि आधीपासून चिडखोर किंवा मानसिक त्रास असलेले यांच्यात जास्त. इंजेक्शन गेल्यावर काही मिनिटांतच सुरू होतं. माणूस उठून बसतो, शिव्या देतो, रडतो, विगो (नसेत लावलेली सलाईनची नळी) उपटतो, मूल असेल तर आईलाच ओरबाडतं आणि कोणालाच ओळखत नाही.

घोडबंदर रोडला स्कूटरवरून पडलेले एक काका आले होते, सत्तरीच्या आसपासचे, खांदा निखळलेला. इंजेक्शन देईपर्यंत इतके सज्जन की मावशींना सुद्धा "अहो ताई" म्हणत होते. दोन-तीन मिनिटांत त्यांनी चादर फेकली, डॉक्टरांना आईवरून शिवी दिली आणि बेडवरून पाय खाली टाकले. नवीन डॉक्टरला वाटलं खांदा दुखतोय, अजून थोडं देऊ. तेवढ्यात त्यांची मुलगी पडद्याआडून म्हणाली, "बाबा असे नाहीत हो, दुखलं तर ते गप्प होतात, ओरडत नाहीत." मोठ्या डॉक्टरांनी तिथेच हात थांबवला. ऑक्सिजन बघितला, शुगर बघितली, लघवीला तर लागली नाही ना ते बघितलं, सगळं ठीक होतं म्हणजे औषधच उलटं पडलंय. पुन्हा मिडाझोलम दिलं नाही, लाईट कमी केले, मुलीला जवळ बसवलं, आणि अर्ध्या-पाऊण तासात काका निवळले. खांदा नंतर दुसऱ्या औषधावर बसवला. काकांना यातलं काहीही आठवत नव्हतं.

यात कळीची गोष्ट हीच आहे. असं चवताळणं बाहेरून बघणाऱ्याला "डोस कमी पडला" असंच दिसतं, आणि तेच औषध अजून दिलं तर आगीत तेल. म्हणून तुम्ही तिथे असाल तर स्पष्ट शब्दांत बोला: इंजेक्शनच्या आधी हे असे नव्हते, इंजेक्शननंतर सुरू झालंय, एवढ्या वाजता दिलं होतं. डॉक्टर आधी बाकीची कारणं तपासतील कारण ऑक्सिजन कमी पडला, शुगर पडली, डोक्याला मार आहे, पोट लघवीने तुंबलंय, यातल्या कशानेही माणूस असाच करतो, आणि ते तपासणं बरोबरच आहे, त्यात "आधी ह्यांना झोपवा ना" म्हणून घाई करू नका.

तुम्ही काय करायचं तर एकानेच बोलायचं, हळू, नावाने हाक मारून, "मी इथेच आहे, झालं आता". चार जणांनी चार दिशांनी दाबून धरायचं नाही, विशेषतः छातीवर आणि पोटावर वजन टाकायचं नाही, पालथं पाडायचं नाही, गुंगीत श्वास आधीच कमी असतो. पडू नये एवढंच बघा, बेडच्या कठड्या वर आहेत ना बघा. आणि कृपा करून त्याचा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकू नका, माणसाला नंतर काही आठवत नसतं आणि बाहेरून कळलं की तो कायमचा खजील होतो.

डोळे उघडे पण माणूस आत नाही

हे केटामाइन. मुलांचे टाके, हाड बसवणं, याला फार चांगलं औषध आहे आणि 1970 पासून माणसांवर वापरात आहे, पण आईवडिलांना ते बघवत नाही. मुलाचे डोळे उघडे असतात, बुबुळं आडवी थरथरतात, तोंडातून लाळ येते, हातपाय मधेच हलतात, आणि हाक मारली तर काही नाही. ही रिअॅक्शन नाही. हे औषध असंच काम करतं, पेशंट तेव्हा दुखण्याच्या पलीकडे असतो. नसेतून दिलं असेल तर दहा-वीस मिनिटांत उतरायला लागतं.

उतरताना काहींना, मुलांपेक्षा मोठ्यांना जास्त, भयंकर स्वप्नं पडतात, भास होतात, आपण शरीराबाहेर तरंगतोय असं वाटतं, किंचाळत उठतात. याला आम्ही आधीच एक काम करतो ते तुम्हीही करू शकता. इंजेक्शन जायच्या आधी पेशंटशी चांगलं बोला, गावचं बोला, गणपतीला कोकणात कधी जायचं ते बोला. घाबरून झोपलेला माणूस घाबरूनच उठतो. उठताना गोंगाट नको, गालावर चापट्या नकोत, पाणी शिंपडणं नको. फारच झालं तर डॉक्टर थोडं मिडाझोलम देतात, म्हणजे वरच्या प्रकरणात जे खलनायक होतं ते इथे कामाला येतं, म्हणूनच कुठल्या औषधाने काय झालं ते नेमकं कळणं गरजेचं.

केटामाइनचा खरा घाबरायचा प्रकार दुसरा आहे, घशातला स्वरयंत्राचा भाग आवळून हवा बंद होते. मुलांमध्ये हजारात तीन-चार वेळा एवढं क्वचित. श्वास घेताना कोंबड्यासारखा चिरका आवाज येतो, किंवा आवाजच येत नाही आणि छाती आत ओढली जाते पण हवा जात नाही. स्टाफ तेव्हा जबडा पुढे ओढतो, मास्क घट्ट लावून ऑक्सिजन दाबतो, बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतं. तुम्हाला आवाज बदललेला कळला तर एकदाच मोठ्याने सांगा "सिस्टर श्वासाचा आवाज बघा" आणि बेडपासून दोन पावलं मागे सरका. त्यांना डोक्याच्या बाजूला जागा लागते, आणि तिथे नेमके मामा-काका उभे असतात. उलटीचं मात्र बऱ्यापैकी कॉमन आहे, तीही उशिरा, कधी कधी घरी निघताना पार्किंगमध्ये, तेव्हा मूल कुशीवर करा आणि घाबरू नका.

मान वाकडी, डोळे वर, जीभ बाहेर

हा सगळ्यात जास्त गैरसमज होणारा प्रकार, आणि मला याच्यावर जरा जास्त बोलायचंय. हॅलोपेरिडॉल दिल्यावर होतो, पण उलटीचं मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन दिल्यावरसुद्धा होतो, तरुण पोरापोरींमध्ये जास्त. मान एका बाजूला खेचली जाते, डोळे वर छताकडे अडकतात, जबडा आवळतो किंवा जीभ बाहेर येते, बोलता येत नाही पण माणूस पूर्ण शुद्धीत असतो. फिटमध्ये शुद्ध जाते, इथे तो तुमचं सगळं ऐकत असतो, हा फरक लक्षात ठेवा. "माझा हात दाब" म्हटलं की दाबतो.

ऐरोलीचा इंजिनिअरिंगचा एक मुलगा जुलाब-उलट्यांनी बाहेर कुठेतरी इंजेक्शन घेऊन घरी गेला आणि संध्याकाळी अशी मान घेऊन आमच्याकडे आला. आजी म्हणत होती बाहेरचं लागलंय, लिंबू उतरवून आणलं होतं. काकाचं मत होतं परीक्षेला घाबरून नाटक करतोय. मुलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो काहीच बोलू शकत नव्हता. वडिलांनी खिशातून दवाखान्याची चिठ्ठी काढली, त्यावर औषधाचं नाव होतं, तेवढ्यावर काम झालं. प्रोमेथाझिन नसेतून हळू दिलं, दहा-पंधरा मिनिटांत मान सरळ. आजीने लिंबाचं श्रेय सोडलं नाही ते सोडा.

हे इंजेक्शननंतर लगेच होतंच असं नाही, काही तासांनी किंवा दोन-चार दिवसांनीही होतं, आणि एकदा उतरल्यावर परत येऊ शकतं, म्हणून डॉक्टर घरी दोन-तीन दिवसांच्या गोळ्या देतात त्या "आता बरं आहे" म्हणून बंद करू नका. आवाज घोगरा होतोय, गिळता येत नाही, श्वास घेताना आवाज येतोय असं असेल तर घसाही आवळतोय, तिथे एक मिनिटही घरी थांबायचं नाही. आणि इथे मात्र दहा सेकंदांचा व्हिडिओ काढाच, कारण हे येतं-जातं आणि डॉक्टरसमोर पोचेपर्यंत मान सरळ झालेली असू शकते.

म्हणूनच आपल्याकडे हॅलोपेरिडॉल बहुतेक ठिकाणी एकटं न देता प्रोमेथाझिनबरोबर देतात. वेल्लोरला यावर चांगले अभ्यास झालेत, आणि रिओ दि जानेरोचा 2007 साली छापून आलेला तीनशेवर पेशंटचा अभ्यास आहे, त्यात मान-डोळे वाकडे झालेले सगळे एकट्या हॅलोपेरिडॉलच्या गटातले होते, जोडीने दिलेल्यांत एकही नव्हता.

याच औषधांचा एक फार क्वचित होणारा पण जीवघेणा प्रकार आहे. इंजेक्शननंतर काही दिवसांत, कधी आठवडा-दोन आठवड्यांत, जोराचा ताप, अंग असं ताठर की हात वाकवायला गेलं तरी वाकत नाही, घाम, आणि माणूस बरळायला लागतो. आता हे जुलै-ऑगस्टमध्ये झालं तर नवी मुंबईत प्रत्येक जण आधी डेंग्यू-मलेरियाचं रक्त काढणार, आणि काढायलाच हवं, पण त्याच वेळी तुम्ही सांगायचं की गेल्या आठवड्यात हॅलोपेरिडॉल किंवा तसलं इंजेक्शन दिलं होतं. ते कळलं तर स्नायूंना इजा झालीय का ते दाखवणारी सीपीके नावाची रक्ताची टेस्ट होईल, औषध बंद होईल आणि आयसीयूत घेतील. नाही कळलं तर तापाच्या गोळीवर दिवस जातील.

बाकीच्यांचं थोडक्यात

प्रोपोफॉल, ते पांढरं दुधाळ इंजेक्शन. जाताना हात जळतो, बीपी पडतं, श्वास काही क्षण थांबू शकतो, म्हणून ते देताना मॉनिटर, ऑक्सिजन आणि अॅम्बू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) शेजारी असलीच पाहिजे. त्यात सोयाबीनचं तेल आणि अंड्यातलं लेसिथिन असतं, अंड्याची अॅलर्जी असलेल्या बहुतेकांना ते चालतं पण सांगून ठेवा. क्वचित लघवी हिरवी होते, ती आपोआप नीट होते. एटोमिडेट या गुंगीच्या औषधाने हातापायाला झटके येतात जे फिटसारखे दिसतात आणि मिनिटभरात जातात. फेंटानिल, म्हणजे दुखणं थांबवायचं जबरदस्त इंजेक्शन, भरभर ढकललं तर छातीचे स्नायू आवळून बॅगने हवा देणं सुद्धा कठीण होतं, म्हणून सिस्टर ते हळू देतेय तर "लवकर करा ना" म्हणू नका. खरी अॅलर्जी, म्हणजे अंगावर गांध्या, ओठ सुजणं, छातीत सूं-सूं आणि बीपी पडणं, ही कुठल्याही औषधाने होऊ शकते, तिथे अॅड्रेनलिन मांडीत देतात आणि वेळ घालवत नाहीत.

बोटाला लावतात त्या ऑक्सिजन मोजायच्या चिमट्यावर फार विसंबू नका. ऑक्सिजनचा मास्क लावलेला असेल तर श्वास मंदावला तरी आकडा बराच वेळ अठ्ठ्याण्णव दाखवत राहतो. छाती वर-खाली होतेय का ते बघा, मोठ्या माणसाचे मिनिटाला आठ-दहापेक्षा कमी श्वास झाले तर सिस्टरला हाक मारा. नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर दुसरं बोट किंवा कान.

घरी नेताना

फ्लुमाझेनिलने जागं केलेला पेशंट लगेच घरी न्यायचा हट्ट धरू नका, तो उतारा मिडाझोलमच्या आधी संपतो आणि माणूस परत गुंगीत जातो. मुलांना सीटी किंवा टूडी इकोसाठी जे झोपेचं सिरप पाजतात, ट्रायक्लोफॉस, त्याचा असर तर तासन्‌तास रेंगाळतो. स्कूटरवर आई-बाबांच्या मधे मूल बसवून नेताना बघते मी, मूल परत झोपतं, मान पुढे छातीवर पडते आणि श्वासाची वाट बंद होते, कोणाला कळतही नाही. रिक्षा करा, मुलाला मांडीवर आडवं घ्या, हनुवटी वर, आणि एकाने फक्त त्याच्याकडे बघायचं.

मोठ्यांनी चोवीस तास गाडी चालवायची नाही, दारू नाही, सही-व्यवहार नाही. लोकलने एकट्याने जायचं नाही. बाथरूमची कडी आतून लावायची नाही. आधी घोट-घोट पाणी, पचलं तर पेज किंवा वरणभात. रात्री एक-दोनदा हाक मारून बघा, ओ दिली की झोपू दे. हाक मारून, हलवून, चिमटा काढूनही उठत नाही, ओठ निळसर दिसतायत, किंवा कधी न घोरणारा माणूस घरघर घोरतोय, तर कुशीवर वळवा, हनुवटी वर करा आणि 108 ला फोन. कांदा-चप्पल हुंगवणं, तोंडात पाणी-लिंबू ओतणं नाही. ते पाणी सरळ फुफ्फुसात जातं.

लिहून ठेवणं आणि कळवणं

डिस्चार्ज कार्डवर "रिअॅक्शन आली" एवढंच लिहिलं असेल तर परत पाठवा. औषधाचं मूळ नाव, कंपनीचं नाही, डोस, कुठून दिलं, वेळ, काय झालं, काय दिल्यावर बरं वाटलं. उदाहरणार्थ, "मिडाझोलम नसेतून दिल्यावर तीन मिनिटांत आक्रमक, अर्ध्या तासात आपोआप शांत." आणि ती अॅलर्जी होती की उलटी प्रतिक्रिया हेही लिहून घ्या, नाहीतर पुढच्या हॉस्पिटलमध्ये कोणी "सगळ्या भुलींची अॅलर्जी" असा अर्थ काढतं आणि माणसाला उगाच चांगली औषधं मिळत नाहीत. त्याचा फोटो घरातल्या किमान दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा.

शिवाय हे सरकारला कळवता येतं आणि सामान्य माणूससुद्धा कळवू शकतो, हे फार कमी जणांना माहीत आहे. भारताचा औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणारा कार्यक्रम 2010 पासून चालू आहे, त्याचं केंद्र गाझियाबादला आहे, टोल फ्री नंबर 1800-180-3024. ग्राहकांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. पेशंटची आद्याक्षरं, औषध, काय झालं आणि कळवणारा कोण, या चार गोष्टी असल्या तरी तक्रार धरली जाते, नाव जाहीर होत नाही, आणि ही हॉस्पिटलविरुद्ध तक्रार नसते त्यामुळे डॉक्टरांशी भांडण घ्यायची गरज नाही, उलट त्यांनाच म्हणा की तुम्ही भरताय का मी भरू. बॅच नंबर असला तर जास्त चांगलं, पण तो डिस्चार्जनंतर शोधणं महाकठीण, वायल फोडल्यावर पिवळ्या-निळ्या डब्यांतून निघून जातात. म्हणून इंजेक्शनने काही भलतं केलं आणि पेशंट स्थिर झाला की लगेच, ट्रे आवरायच्या आधी, सिस्टरला सांगून त्या वायलच्या लेबलचा फोटो काढून घ्या.